सहा फेब्रुवारी

तारखेला स्वतःचा असा चेहरा नसतो. सूर्य उगवतो आणि मावळतो. दिवसांना अंक देण्याचे काम माणसाने आपल्या सोयीसाठी केलेले आहे. सहा फेब्रुवारी ही तारीखही अशीच. भंडारा जिल्ह्यात या सुमारास थंडीचा जोर ओसरू लागतो. धान केव्हाच घरात आलेले असते आणि रिकाम्या बांध्यांतून लाखोळीचे हिरवेपण डोळ्यांत भरते. जवाहरनगरच्या वसाहतीत कामगार नित्याप्रमाणे आयुध निर्माणीच्या फाटकाकडे निघतात, मुले शाळेची वाट धरतात. या दिवशी कोणाच्या दाराला तोरण लागत नाही की कोणत्या देवळात उत्सव होत नाही.

तरीही भारतातील लोकप्रिय संगीताचा इतिहास चाळू लागले की ही तारीख पुन्हा पुन्हा समोर येते. १९१५ साली या दिवशी एका कवीचा जन्म झाला. १९३२ साली याच दिवशी मराठी भाषा पडद्यावर बोलू लागली, गाऊ लागली. २०२२ साली याच दिवशी एक थोर कंठ कायमचा शांत झाला. वरवर पाहता या तीन घटनांत काही नाते दिसत नाही. परंतु तिन्हींचे धागे पुढे एका गीताशी येऊन जुळतात, आणि ते गीत ज्या युद्धाच्या दुःखातून जन्मले, त्या युद्धानंतरच्याच वर्षांत जवाहरनगरची आयुध निर्माणीही उभी राहिली. म्हणून या तारखेची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

उज्जैनजवळचे बडनगर हे एक लहान गाव. ६ फेब्रुवारी १९१५ रोजी तेथील द्विवेदी कुटुंबात एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव रामचंद्र ठेवण्यात आले. पुढे हाच मुलगा ‘कवी प्रदीप’ या नावाने साऱ्या देशाला परिचित झाला.

रामचंद्राच्या बालपणी गाणे आजच्यासारखे हवे तेव्हा, हवे तेथे मिळत नसे. भारतात ध्वनिमुद्रणाला १९०२ साली प्रारंभ झाला होता, परंतु ध्वनिमुद्रिका आणि ती वाजवणारे यंत्र ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील चीज होती. सामान्य माणसाचे गाणे गाणाऱ्याच्या सोबतच राहत असे. गाणारा निघून गेला की गाणेही जाई. मागे उरे ती आठवण. महाराष्ट्रात शहरांतील लोक संगीत नाटकांना गर्दी करीत. पूर्वेकडच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत, सुगी संपली की दंडार आणि खडी गंमत रंगे. लोक बैलगाड्या जुंपून दूरच्या गावी जात आणि रात्र रात्र जागत. पहाटे जात्यावर ओव्या होत, रात्री भजने होत. प्रत्येक गावाचे गाणे त्या गावाच्या शिवेपर्यंत पोचे. क्वचित लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीबरोबर ते शीव ओलांडी.

ही शीव मोडण्याचे सामर्थ्य एका यंत्रात होते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट लागला. तोपर्यंत पडद्यावरची चित्रे हालत, परंतु मुकी असत. आता ती बोलू लागली. आणि भारतीय चित्रपट बोलू लागला तो गातगातच बोलू लागला, हे विशेष होय. ‘आलम आरा’मध्ये सात गाणी होती.

कोल्हापुरात तेव्हा प्रभात फिल्म कंपनी काम करीत होती. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी या पाच जणांनी १९२९ साली ती स्थापन केली होती. त्यांनी मराठीत बोलपट काढण्याचा निश्चय केला आणि त्यासाठी सत्त्वशील राजा हरिश्चंद्राची कथा निवडली. हीच कथा घेऊन दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली आपला पहिला मूकपट काढला होता. त्या वेळी तारामतीची भूमिका करण्यास एकही स्त्री पुढे आली नाही, म्हणून अण्णा साळुंके या तरुणाने लुगडे नेसून ती केली. अवघ्या एकोणीस वर्षांनी ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात तीच तारामती दुर्गाबाई खोटे यांच्या रूपाने उभी राहिली आणि स्वतःच्या आवाजात बोलली. प्रतिष्ठित घरातील एका सुशिक्षित स्त्रीने चित्रपटात काम करणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रदर्शित झाला. मराठीतील पहिला बोलपट म्हणून त्याला मान आहे. त्यात हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांनी केली आणि संगीतही त्यांनीच दिले. गोविंदराव हे मूळचे कोल्हापूरचे, नामवंत पेटीवादक. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्याच. म्हणजे संगीत नाटकाने आपला एक जाणता माणूस बोलपटाच्या स्वाधीन केला, असेच म्हणावे लागेल.

त्या काळचे चित्रीकरण मोठे कष्टाचे असे. आज पडद्यावर एक जण ओठ हालवतो आणि आवाज दुसऱ्याचा असतो. ही पार्श्वगायनाची रीत भारतात १९३५ पासून सुरू झाली. त्यापूर्वी नटानेच अभिनय करता करता गावे लागे. पेटी, तबला, सारंगी वाजवणारे साथीदार त्याच जागी लागत, पण ते छायाचित्रात दिसता कामा नयेत! मग कोणी नेपथ्याच्या भिंतीआड बसे, कोणी झाडामागे अंग चोरून उभा राही. मध्येच कोणी खोकले, एखादा कावळा ओरडला, तर सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. प्रेक्षकांना राजा दिसे, राणी दिसे. झाडामागचा तबलजी कधीच दिसत नसे. परंतु त्याच्या ठेक्यावाचून राजाचे गाणे एक पाऊलही पुढे जाऊ शकले नसते.

झाडामागचा हा तबलजी लक्षात ठेवण्याजोगा आहे. लोकप्रिय संगीताच्या इतिहासात तो निरनिराळ्या वेषांत वारंवार भेटतो.

बोलपट आले आणि गीते लिहिणाऱ्यांना एक नवे दालन उघडले. कवीचे शब्द आता एका गावाच्या शिवेत अडकून राहणार नव्हते. चित्रपटाच्या डब्यात बसून ते पेशावरपासून मदुरेपर्यंत जाणार होते. बडनगरचा रामचंद्र द्विवेदी मुंबईस आला आणि बॉम्बे टॉकीज या संस्थेच्या ‘कंगन’ या चित्रपटासाठी त्याने १९३९ साली गीते लिहिली. १९४३ साली ‘किस्मत’ हा चित्रपट आला. देशात ‘चले जाव’ चळवळीचा वणवा पेटलेला होता आणि महायुद्धही चालू होते. प्रदीपांनी त्या चित्रपटासाठी एक गीत लिहिले. त्यात परकीयांना या भूमीपासून दूर राहण्याचा इशारा होता. गीतात नावे घेतली होती ती जर्मन आणि जपानी यांची, म्हणून सरकारी तपासनिसांना त्यात काही वावगे वाटले नाही. परंतु चित्रपटगृहात बसलेल्या लोकांना तो इशारा कोणासाठी आहे हे लगेच उमगले. सरकारच्या ध्यानात ही गोष्ट आली तेव्हा अटक टाळण्यासाठी प्रदीपांना काही काळ अज्ञातवासात राहावे लागले. गीत उघड्यावर गाजत होते आणि गीतकार लपून बसला होता.

याच सुमारास महाराष्ट्रात एका मुलीचे बालपण अकस्मात संपले. २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूर येथे जन्मलेली लता ही मास्टर दीनानाथ मंगेशकर या नामवंत गायक नटाची थोरली कन्या. २४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथ पुणे येथे निवर्तले. लता तेव्हा बारा वर्षांची होती. तिच्या पाठीवर मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ अशी चार भावंडे होती. ज्या वयात मुले शाळेचे दप्तर सांभाळतात, त्या वयात तिच्यावर घर सांभाळण्याची पाळी आली.

त्या कठीण दिवसांत मंगेशकर कुटुंबाला मास्टर विनायक यांचा आधार मिळाला. हे विनायक म्हणजे ‘अयोध्येचा राजा’ या चित्रपटात नारदाची भूमिका करणारे नट होत. मराठी बोलपटाच्या पहिल्याच पावलात ज्याचा सहभाग होता, त्याच माणसाने दहा वर्षांनी या पोरक्या मुलीला चित्रपटाच्या दारातून आत घेतले. १९४२ च्या ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात लताने लहानशी भूमिका केली आणि गायिलीही. पुढे विनायकांच्या संस्थेबरोबर ती कोल्हापुरास व तेथून मुंबईस गेली. अभिनय तिला मनापासून आवडत नसे, परंतु घर चालवायचे होते. मनात गाणे आणि चेहऱ्यावर रंग, अशी तिने काही वर्षे काढली.

१९४९ साली ‘महल’ हा हिंदी चित्रपट आला. त्यातील एका गूढ गीताने लोकांना वेड लावले. पण ते कोण गाते? त्या काळच्या रीतीप्रमाणे ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव नव्हते. चित्रपटातील पात्राचे ‘कामिनी’ हे नाव छापलेले होते. आकाशवाणीवर ते गीत लागले की श्रोते गायिकेची चौकशी करू लागले. अखेरीस नाव शोधून ते जाहीर करावे लागले: लता मंगेशकर. झाडामागचा तबलजी येथे पार्श्वगायिकेच्या रूपाने भेटतो. या वेळी मात्र श्रोत्यांनीच त्याला झाडामागून बाहेर बोलावले.

पुढच्या काळात लताबाईंनी देशाच्या अनेक भाषांत हजारो गीते गायिली आणि त्यांचे नाव घरोघरी पोचले. परंतु त्यांनी स्वतःही एकदा पडद्यामागे राहणे पसंत केले होते. ‘आनंदघन’ या नावाने त्यांनी ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ अशा मराठी चित्रपटांना संगीत दिले. आनंदघन म्हणजे कोण, हे प्रेक्षकांना ठाऊक नव्हते. ‘साधी माणसं’ या चित्रपटाच्या संगीताला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले, तेव्हाही त्या समारंभात शांत बसून होत्या. शेवटी हे रहस्य दुसऱ्यांनीच उघड केले. कीर्तीच्या शिखरावर असताना नाव लपवून काम करण्यात जो आनंद आहे, तो त्यांना ठाऊक होता.

१९६२ च्या ऑक्टोबर महिन्यात चीनने भारताच्या उत्तर सीमेवर आक्रमण केले. महिनाभर चाललेल्या त्या युद्धात हिमालयाच्या बर्फात अनेक जवान धारातीर्थी पडले. लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग आणि त्यांचे कुमाऊं पलटणीतील सहकारी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढले. देश पराभवाने खिन्न झाला होता. अशा वेळी प्रदीप एकदा मुंबईच्या माहीम भागात समुद्रकिनारी फिरत असता त्यांना काही ओळी सुचल्या. जवळ कागद नव्हता, लेखणी नव्हती. तेव्हा एका वाटसरूकडून लेखणी मागून घेऊन सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागदावर त्यांनी त्या ओळी टिपून ठेवल्या, असे सांगतात. तेच ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हे गीत होय. त्याला चाल दिली सी. रामचंद्र यांनी. त्यांचे नाव रामचंद्र नरहर चितळकर; अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, पुणतांबे हे त्यांचे जन्मगाव. एका रामचंद्राचे शब्द आणि दुसऱ्या रामचंद्राचे सूर असा योग जुळून आला.

२७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये सैनिकांच्या साहाय्यार्थ मोठा कार्यक्रम झाला. राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरू उपस्थित होते. लताबाईंनी ते गीत गायिले. हे गीत शत्रूवर चालून जाण्याचा आवेश जागवीत नाही; विजयोत्सवात रमलेल्या लोकांना ते थांबवते आणि जे घरी परतले नाहीत त्यांची आठवण ठेवण्याची विनंती करते. गीत ऐकून पंडित नेहरूंच्या डोळ्यांत अश्रू तरळले. साऱ्या देशाने ही हकिगत वाचली. परंतु ज्याने ते शब्द लिहिले, तो कवी त्या समारंभात नव्हता. पुढे त्याच वर्षी मुंबईत प्रदीपांनी हे गीत नेहरूंना स्वतः गाऊन ऐकवले.

गीताचे उत्पन्न युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांच्या साहाय्यनिधीस मिळावे, अशी प्रदीपांची इच्छा होती. ते १९९८ साली निधन पावले. त्यानंतर २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीला त्या निधीत १० लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. गीत ऐकून डोळे पुसणे सोपे असते. त्या गीताने दिलेले वचन पाळण्यास कधी कधी चाळीस वर्षे लागतात.

त्या युद्धाने देशाला आणखी एक धडा दिला. शूर सैनिकाच्या हाती पुरेसा दारूगोळा नसेल तर त्याचे शौर्यही अपुरे पडते. संरक्षणसामग्रीचे उत्पादन वाढवण्यासाठी त्यानंतरच्या काळात नवे कारखाने उभारण्यात आले. भंडाऱ्याची आयुध निर्माणी त्यांपैकीच एक. १९६४ हे तिच्या स्थापनेचे वर्ष. स्फोटके आणि तोफगोळ्यांना गती देणारी द्रव्ये तेथे तयार होतात. या निर्माणीच्या आश्रयाने जी वसाहत वसली, तिचे नाव जवाहरनगर. ज्या पंतप्रधानांच्या डोळ्यांत त्या गीताने पाणी आणले, त्यांचेच नाव या वसाहतीच्या नावात आहे.

अशा वसाहतीचे जीवन आसपासच्या खेड्यांहून थोडे निराळे असते. धानाची शेती करणाऱ्या घरांतील माणसे तेथे कामाला लागतात, तशीच दूरदूरच्या प्रांतांतून आलेली कुटुंबेही तेथे नांदतात. एका भिंतीपलीकडे निराळी भाषा, निराळा स्वयंपाक, निराळे सण. अशा ठिकाणी परक्याला शेजारी करण्याचे काम गाणे करते. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ पासून आणि विविध भारती १९५७ पासून घराघरांत गाणी पोचवीत आली. एका घरातील रेडिओवर लागलेले गाणे दुसऱ्या घरातील गृहिणी भाकरी थापता थापता गुणगुणते. तिला त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक असतोच असे नाही. ओवीला जी शीव ओलांडण्यास लग्नाची वाट पाहावी लागे, ती रेडिओवरचे गाणे क्षणात ओलांडते.

स्वातंत्र्यदिनी आणि प्रजासत्ताकदिनी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हे गीत देशातील असंख्य गावांत ऐकू येते. आयुध निर्माणीच्या कामगाराच्या घरात मात्र त्याला आणखी एक अर्थ येतो. सीमेवरील सैनिक सर्वांना दिसतो. त्याच्या गोळ्यामागे ज्या कामगाराचे हात असतात तो दिसत नाही. त्याच्या कामात धोका काही कमी नसतो. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या या निर्माणीत भीषण स्फोट झाला आणि कामावर असलेल्या कामगारांचे प्राण गेले. अवघ्या दोन दिवसांवर प्रजासत्ताकदिन आला होता. सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडलेली ही माणसे संध्याकाळी परतली नाहीत. त्यांच्या अंगावर गणवेश असो वा नसो, देशासाठी चाललेल्या कामातच त्यांचा अंत झाला. जे परतले नाहीत त्यांना विसरू नका, ही त्या गीताची विनवणी अशा माणसांसाठीही आहे.

सहा फेब्रुवारीचा संबंध केवळ भारताशीच आहे असे नाही. १९४५ साली याच दिवशी कॅरिबियन समुद्रातील जमैका बेटावर नाइन माइल नावाच्या खेड्यात बॉब मार्ली याचा जन्म झाला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज त्या बेटावर राहतात. त्यांच्या दुःखाला आणि आशेला मार्लीने ‘रेगे’ नावाच्या संगीतातून जगापुढे मांडले. तो १९८१ साली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी वारला. परंतु त्याचे गाणे खंडोखंडी पसरले. २०१८ साली युनेस्कोने रेगे संगीताचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला. बडनगर काय आणि नाइन माइल काय, दोन्ही नकाशावर शोधावी लागणारी ठिकाणे. मोठे गाणे मोठ्या नगरातच जन्मते असा नियम नाही.

२०२२ साल उजाडले तेव्हा लताबाई बाण्णव वर्षांच्या होत्या आणि आजारी होत्या. जानेवारीत त्यांना मुंबईच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले होते. दिल्लीत प्रजासत्ताकदिनाच्या सोहळ्याची सांगता २९ जानेवारीस सैनिकी वाद्यवृंदांच्या संचलनाने होते. अनेक वर्षे त्या प्रसंगी एक इंग्रजी प्रार्थनागीत वाजवले जाई. त्या वर्षी त्याच्या जागी प्रथमच ‘ऐ मेरे वतन के लोगो’ या गीताची धून वाजवण्यात आली. मावळत्या प्रकाशात सैनिकांच्या वाद्यांतून ते सूर उमटले. गाणारा कंठ तेथे नव्हता, शब्दही नव्हते. परंतु ऐकणाऱ्यांच्या मनात ते दोन्ही आपोआप उमटले असतील.

त्यानंतर आठच दिवसांनी, ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, रविवारी सकाळी लता मंगेशकर यांचे निधन झाले. त्याच दिवशी संध्याकाळी मुंबईच्या शिवाजी पार्कवर शासकीय इतमामाने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. देशात दोन दिवसांचा दुखवटा पाळण्यात आला. कवी प्रदीपांची जन्मतारीख हीच त्यांच्या गीताला घरोघरी पोचवणाऱ्या गायिकेची मृत्युतारीख ठरली. नव्वद वर्षांपूर्वी याच तारखेला मराठी बोलपटाने पहिला स्वर काढला होता.

हा योगायोग होय. त्यात दैवी संकेत शोधण्याचे कारण नाही. वर्षाचे दिवस ३६५ आणि जगात घडणाऱ्या गोष्टी अगणित. तेव्हा काही गोष्टी एका तारखेवर येणारच. शोधू जाता प्रत्येक तारखेवर कोणाचा तरी जन्म, कोणाचा तरी मृत्यू, कोठे तरी एखादा आरंभ सापडेल. मग तारखांची आठवण ठेवायची ती कशासाठी?

स्मरणाला एक खुंटी लागते, म्हणून. भिंतीवर खुंटी नसेल तर अंगरखा कोठे तरी पडून राहतो आणि विसरला जातो. माणसांचेही तसेच आहे. गाणे कानावर येते, आवडते, ओठांवर खेळू लागते. परंतु ते कोणी लिहिले, चाल कोणी बांधली, साथीला कोण होते, ते घरापर्यंत कोणत्या यंत्राने व किती जणांच्या श्रमाने आले, याची विचारपूस सहसा होत नाही. १९४९ सालच्या श्रोत्यांनी ती केली, म्हणून ‘कामिनी’ या नावामागची लता जगाला कळली. त्यांनी चौकशी केली नसती तर गाणे तेवढेच गोड वाटले असते. पण एका कष्टाळू मुलीचे नाव अंधारात राहिले असते.

प्रत्येक कामाला एक पुढची बाजू असते आणि एक मागची. रंगमंचावरील राजा पुढे असतो, तबलजी झाडामागे असतो. गायिका व्यासपीठावर असते, कवी कोठे तरी दूर असतो. सैनिक संचलनात चालतो, त्याच्या दारूगोळ्याचा कामगार जवाहरनगरच्या फाटकाआड असतो. पुढच्या माणसाचा गौरव करताना मागच्याची आठवण ठेवणे, हा कृतज्ञतेचा पहिला धडा होय. तो शिकण्यासाठी फार मोठे साहस करावे लागत नाही. आवडते गाणे ऐकताना त्याच्या कवीचे व संगीतकाराचे नाव विचारून घेतले, तरी त्याचा आरंभ होतो.